पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये पित्तनलिका कापली गेली – तक्रार कुठे आणि कशी करावी?

निरंजना

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझी थोरली बहीण, वय ४४, तालुक्याच्या गावी असते. घरीच शिवणकाम करते. गेल्या वर्षी जूनमध्ये पित्ताशयातल्या खड्यांसाठी गावातल्याच एका खाजगी हॉस्पिटलात तिचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. सर्जन बाहेरचे, शहरातून येणारे. ऑपरेशन करून त्याच संध्याकाळी परत गेले. नंतर बघायला हॉस्पिटलचे स्वतःचे डॉक्टर. तिसऱ्या दिवशी ताईचं पोट खूप दुखत होतं, डोळे पिवळट दिसत होते. विचारलं तर "गॅस धरलाय, चालत राहा" असं सांगितलं. चौथ्या दिवशी पोटातली नळी काढून घरी सोडलं. बिल ८५ हजार, रोख भरलं, पावती आहे.

घरी आल्यावर ताप आणि पोट ढोलासारखं फुगलेलं. पुन्हा दाखवलं तर गोळ्या बदलून दिल्या. शेवटी दाजी गाडी करून पुण्याला घेऊन आले. तिथे एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) झाल्यावर कळलं की मुख्य पित्तनलिकाच कापली गेलीय आणि पित्त पोटात साठत होतं. आधी नुसतं पित्त बाहेर काढत ठेवलं, मग काही महिन्यांनी आतडं जोडून नवा मार्ग करणारं मोठं ऑपरेशन. खर्च साडेसहा लाखांच्या वर गेला. ताई जिवंत आहे हे नशीब, पण अजून अर्धा तास मशीनवर बसवत नाही.

आता हॉस्पिटलकडून एका स्थानिक पुढाऱ्यामार्फत निरोप आलाय की दीड लाख देतो, स्टॅम्पपेपरवर सही करा आणि विषय मिटवा. दाजी म्हणतात घेऊन टाकू, गावात राहायचंय. ताईला मान्य नाही. आमच्याकडे पहिल्या हॉस्पिटलचं फक्त डिस्चार्ज कार्ड आणि पावत्या आहेत. वकिलाकडे जावं, पोलिसांत, की मेडिकल कौन्सिलकडे? काहीच उमजत नाही.

खवट_खान्देशी

हॉस्पिटलचं नाव टाका इथे. लोकांना कळू तरी दे.

भीमथडी

+१. आणि फेसबुकवर पण.

संपादक मंडळ

कृपया डॉक्टर किंवा हॉस्पिटलचं नाव, गाव, ओळखता येईल असा तपशील कुणीही लिहू नये. असे प्रतिसाद उडवले जातील.

काळा_कोट

नाव न टाकणं तुमच्याच हिताचं आहे. उद्या अब्रूनुकसानीची नोटीस आली की मूळ विषय बाजूला राहतो आणि तुम्हीच खुलासे देत बसता.

निरंजनाताई, मी वकिली करतो, ग्राहक आयोगातली कामंही पाहतो. तुम्ही पोलीस, कौन्सिल, वकील असा क्रम लावलाय. त्याआधी एक काम आहे, ते म्हणजे कागद. वकील कितीही मोठा केला तरी पहिला प्रश्न तो हाच विचारणार.

ताईंच्या सहीचा साधा अर्ज करा: "माझ्या आंतररुग्ण नोंदींची संपूर्ण प्रत मिळावी." त्यात वेगवेगळं लिहा. केस पेपर, ऑपरेशन नोट, भुलेची नोंद, नर्सिंगच्या नोंदी, नाडी-ताप-रक्तदाबाचा तक्ता, ड्रेनमधून (पोटातल्या त्या नळीतून) किती आणि कसलं पाणी आलं त्याची नोंद, सगळे रिपोर्ट, संमतीपत्र. दुर्बिणीच्या ऑपरेशनचं रेकॉर्डिंग ठेवलं असेल तर तेही मागा. एक प्रत हॉस्पिटलात देऊन पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात आणि आंतररुग्णाचं रेकॉर्ड तीन वर्षं सांभाळावं लागतं. म्हणजे "जुनं झालं, नष्ट केलं" ही सबब तुमच्या बाबतीत चालणार नाही. दिले नाहीत तर ते न देणंच पुढे त्यांच्या अंगावर येतं.

अर्जात भांडू नका. "तुमच्या हलगर्जीपणामुळे" वगैरे एक शब्द नको. पुढच्या उपचारासाठी कागद हवेत, एवढंच. खरंही आहे ते.

स्टॅम्पपेपरवर सध्या सही नको. त्यात "माझी कोणतीही तक्रार नाही, पुढेही राहणार नाही" अशी ओळ हमखास असते आणि सहीनंतर तीच ओळ तुमच्यापुढे ठेवतात. तडजोड करूच नये असं मी म्हणत नाही. पण किती नुकसान झालंय हे कागदावर मांडायच्या आधी दीड लाख हा आकडा आला कुठून?

शल्यक

मी जनरल सर्जन आहे, तेव्हा माझं म्हणणं एकांगी वाटलं तर वाटो.

पित्तनलिकेला इजा होणं हा या ऑपरेशनचा माहीत असलेला धोका आहे. हजारात तीन-चार रुग्णांत, चांगल्या हातांकडूनही होतो. सूज असेल, चिकटलेलं असेल, तर पित्ताशयाची नळी आणि मुख्य नलिका वेगळी ओळखणं अवघड जातं. त्यामुळे "नलिका कापली म्हणजे हलगर्जीपणा" हे समीकरण कोर्टात टिकत नाही आणि टिकू नये. सुप्रीम कोर्टानेही पुन्हा पुन्हा सांगितलंय की उपचार अपयशी ठरला किंवा रुग्ण दगावला एवढ्यावरून डॉक्टर दोषी होत नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या बाजूने निकाल देताना हेच म्हटलं होतं.

भीमथडी

वाटच बघत होतो कधी डॉक्टर डॉक्टरची बाजू घेतात.

शल्यक

भीमथडी, पुढचं लिहीपर्यंत थांबायचं होतं.

मला या केसमध्ये ऑपरेशनपेक्षा नंतरचे चार दिवस जास्त खटकतात. इजा होऊ शकते, म्हणून तर ड्रेन ठेवतात. त्यातून पित्त आलं, नाडी वाढली, डोळे पिवळे झाले, तर सोनोग्राफी आणि लिव्हरच्या तपासण्या करून त्याच दिवशी मोठ्या सेंटरला पाठवायचं असतं. त्यात कमीपणा नाही. हे सगळं दिसत असताना ड्रेन काढून घरी सोडलं असेल, तर त्याला "माहीत असलेला धोका" म्हणता येणार नाही. तेव्हा तुम्ही ऑपरेशन नोटपेक्षा नर्सिंगचा तक्ता नीट वाचा. रात्रपाळीच्या सिस्टर सहसा दिसेल ते लिहितात.

खवट_खान्देशी

एवढं कशाला? सरळ पोलीस स्टेशनात एफआयआर. चार दिवस आत बसले की दीड लाखाचे पंधरा होतात.

काळा_कोट

होत नाहीत. २००५ च्या जेकब मॅथ्यू प्रकरणापासून चित्र स्पष्ट आहे. लुधियानात रुग्णाला लावायला आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला, रुग्ण गेला, आणि तरीही डॉक्टरवरचा फौजदारी खटला सुप्रीम कोर्टाने रद्द केला. फौजदारीसाठी हलगर्जीपणा ढोबळ, अक्षम्य पातळीचा लागतो. पोलिसांनी आधी स्वतंत्र डॉक्टरचं, शक्यतो सरकारी सेवेतल्या, मत घ्यायचं, आणि सरसकट अटक करायची नाही, असंही त्यात आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये मृत्यू झाल्यास डॉक्टरांना कमाल दोन वर्षांची शिक्षा आहे, इतरांना पाच. इथे सुदैवाने मृत्यू नाही. फौजदारीतून तुमचे साडेसहा लाखही परत येत नाहीत.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरला ताकीद देऊ शकते, ठरावीक काळ नोंदणी निलंबित करू शकते. भरपाई देण्याचा अधिकार तिला नाही. तक्रार जरूर करा, पण तिथून आणि ग्राहक आयोगातून काय मिळतं ते वेगळं आहे हे लक्षात असू द्या. आणखी एक, कौन्सिलकडे फक्त अ‍ॅलोपॅथीवाले येतात. नंतर बघणारे डॉक्टर आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतील तर त्यांची कौन्सिल वेगळी. डिस्चार्ज कार्डावर नावापुढची पदवी आणि नोंदणी क्रमांक बघून घ्या.

भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या शांता निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. २०१९ च्या कायद्यात कुठल्या आयोगात जायचं हे तुम्ही किती भरपाई मागता यावर ठरत नाही, सेवेसाठी किती पैसे दिले यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीची फी शून्य. तुम्ही ८५ हजार दिलेत. आणि ताई राहतात त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, हॉस्पिटल कुठेही असो.

मुदत दोन वर्षं, कलम ६९. ती पहिल्या ऑपरेशनपासून धरा, म्हणजे पुढच्या वर्षीचा जून. "आम्हाला पुण्याला गेल्यावर कळलं" असा युक्तिवाद करता येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

मांडवीकाठचा

मुदतीबद्दल अगदी खरं. आमच्या गोव्यातल्या सरकारी हॉस्पिटलमधल्या एका नर्सबाईंची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती. मुंबईत १९९३ ला पित्ताशयाचंच ऑपरेशन झालेलं, नंतर अनेक वर्षं पोटदुखी. २००२ मध्ये दुसऱ्या ऑपरेशनला पोटात राहिलेला गॉज (जखमेवरचं जाळीदार कापड) निघाला. तक्रार केली २००४ मध्ये. २०१० ला कोर्ट म्हणालं, तुम्ही स्वतः नर्स, इतकी वर्षं दुखत असताना तपासणी करून घ्यायला हवी होती, तक्रार मुदतबाह्य. पोटात गॉज निघूनसुद्धा हातात काही नाही.

शिरोळची_सई

वाचतेय. माझा प्रश्न थोडा वेगळा, माफ करा धाग्यात घुसतेय. हेच सिव्हिल हॉस्पिटलला झालं असतं तर? आमच्या शेजारी एकांच्या बाबतीत कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला असंच काहीसं झालंय. तिथे पैसे भरलेच नव्हते.

काळा_कोट

सगळ्यांना मोफत सेवा देणारं हॉस्पिटल ग्राहक कायद्यात येत नाही. मग दिवाणी दावा किंवा हायकोर्टात रिट. शासनावर दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तुमच्या शेजाऱ्यांशी अगदी जुळणारं एक प्रकरण आहे. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी स्त्री रुग्णालयात बाळंतपणानंतर नसबंदीची शस्त्रक्रिया झाली, पोटात मॉप (रक्त टिपायचं कापड) राहिला, बाई गेल्या. सुप्रीम कोर्टाने निकाल दिला १९९६ ला आणि शासनाला जबाबदार धरलं. कुठल्या डॉक्टरच्या हातून राहिला हे घरच्यांना सांगता आलं नाही तरी चालेल, पोटात मॉप राहणं हेच पुरेसं बोलकं आहे, असं कोर्ट म्हणालं. भरपाई ३६ हजार रुपये. तेहतीस वर्षांनी.

पंचगंगा_तीर

काळ्या कोटांनी कायदा सांगितला, मी भोगलेलं सांगतो. वडिलांच्या खुब्याच्या ऑपरेशनची केस आमची. जिल्ह्यात जिंकलो, समोरचे अपिलात गेले. बरं एवढंच की नव्या कायद्यात अपील करायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे उगाच लोंबकळत ठेवायला त्यांनाही परवडत नाही.

कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकाल लिहिलाय. ते विसरा. वर्षं जातात. अध्यक्षांची जागा रिकामी, सदस्यांची जागा रिकामी, समोरचे वकील आजारी. घरातला एक माणूस या कामाला वाहून घेतलेला पाहिजे आणि त्याची तारखेला जायची सोय पाहिजे. आमच्यात मी होतो, दुकान बायकोनं सांभाळलं.

आणि वकिलाचं बघून घ्या. आम्हाला पहिला भेटला तो म्हणाला, "फी नको, मिळेल त्यातले पंचवीस टक्के द्या." बरं वाटलं ऐकायला. मग कळलं असा करार करायला बार कौन्सिलच्या नियमात बंदी आहे. जो सुरुवातच नियम मोडून करतो त्याच्या हातात बापाचे कागद द्यायचे का? नाही दिले.

ग्राहकपेठ

मी ग्राहक चळवळीत काम करते. वकील लावणं सक्तीचं नाही हेही सांगायला हवं. तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो, ऑनलाइन दाखल करता येतं, आधी ई-दाखिल होतं, २०२५ पासून ई-जागृती. पण खरं सांगायचं तर मोबाइल बिघडल्याची तक्रार आणि ही तक्रार यात फरक आहे. उलटतपासणीचे प्रश्न, वैद्यकीय ग्रंथांतले उतारे हे घरच्या घरी होत नाही. मसुदा तपासून घ्यायला मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचं मार्गदर्शन घ्या.

फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. हे बऱ्याच बायकांना ठाऊकच नसतं, घरचे पुरुष "आपल्याला कुठं बसतंय त्यात" म्हणून परतवतात. ताईंनी स्वतः जावं. दूरध्वनीवर १५१०० आहे.

निरंजना, नुकसानीचं काय धरणार? फक्त हॉस्पिटलची बिलं? ताईंची कमाई?

निरंजना

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्ज दिला, पोच आधी देत नव्हते, स्पीड पोस्टने पाठवल्यावर फोन आला की येऊन घेऊन जा.

ग्राहकपेठ, ताईचं उत्पन्न रोखीचं, रिटर्न वगैरे काही नाही. कसं दाखवणार?

ग्राहकपेठ

मापांची वही असेल ना?

निरंजना

आहे! प्रत्येक पानावर नाव, मापं, खाली शिलाई आणि दिल्याची तारीख. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर वही कोरी आहे. लग्नसराईची आगाऊ घेतलेली कापडं तिने परत केली, तेही लिहून ठेवलंय, सही घेऊन.

ग्राहकपेठ

झालं मग. मागच्या दोन-तीन वर्षांच्या वह्या सापडल्या तर त्याही काढा. चार नेहमीच्या गिऱ्हाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडा. यापेक्षा चांगला पुरावा पगारदारांकडेही नसतो.

पंचगंगा_तीर

वही भारी आहे. मूळ वही कुणाला देऊ नका, झेरॉक्सच द्या.

निरंजना

कागद मिळाले. शल्यक, तुम्ही म्हणालात तसं आधी नर्सिंगचा तक्ता काढला. तिसऱ्या दिवशी रात्री, बॉलपेनने, मराठीतच लिहिलंय: "ड्रेन ३५० मिली, हिरवा. नाडी ११८. पेशंट कण्हत आहे. डॉक्टरांना फोनवर कळवले." चौथ्या दिवशीच्या टाइप केलेल्या डिस्चार्ज समरीत: "ड्रेन नगण्य, काढला. प्रकृती समाधानकारक." सोनोग्राफी किंवा रक्ततपासणीचा एकही कागद मधल्या दिवसांचा नाही. संमतीपत्र इंग्रजीत छापील, ऑपरेशनच्या नावाची जागा कोरी, खाली ताईची सही.

दाजींनी ते पान वाचलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. दीड लाखाचा विषय आता ते काढत नाहीत.

शल्यक

३५० मिली हिरवं. याला गॅस म्हणत नाहीत.

भीमथडी

शल्यक, मघाचं वाक्य मागे घेतो.

काळा_कोट

आता कळीचा प्रश्न: "डॉक्टरांना" म्हणजे कुणाला? बाहेरच्या सर्जनला की हॉस्पिटलच्या डॉक्टरांना? दोघंही एकमेकांकडे बोट दाखवणार, सर्जन म्हणणार मला कुणी कळवलंच नाही, हॉस्पिटल म्हणणार ऑपरेशन त्यांचं. म्हणून तक्रारीत सर्जन, नंतर बघणारे डॉक्टर आणि हॉस्पिटल तिघांनाही सामनेवाले करा. पावती हॉस्पिटलची आहे, पेशंट त्यांच्या खाटेवर होता, सर्जन पाहुणे होते म्हणून हॉस्पिटलला हात झटकता येत नाहीत. सिस्टरची सही किंवा आद्याक्षरं दिसतात का तेही बघा.

संमतीपत्राचं म्हणाल तर मुद्दा घ्यायचा, पण त्यावरच केस उभी करू नका. संमती कशाची, हे रुग्णाला समजेल असं सांगितलं पाहिजे, हे २००८ च्या समीरा कोहली निकालात आहे. तुमची खरी ताकद त्या तिसऱ्या रात्रीच्या ओळीत आहे.

तडजोडीबद्दल: ग्राहक आयोगात मध्यस्थीची सोय आहे, पण वैद्यकीय निष्काळजीपणातून गंभीर इजा किंवा मृत्यू झाला असेल तर ते प्रकरण मध्यस्थीकडे पाठवायचं नाही असं २०२० च्या नियमांत आहे. पुढाऱ्यांना तसं नम्रपणे सांगता येईल.

निरंजना

एक शंका. पुण्याच्या सर्जनना विचारलं की तुम्ही लेखी मत द्याल का. ते म्हणाले उपचार हवे ते करीन, पण सहकाऱ्याविरुद्ध लिहून देणार नाही. तज्ज्ञाचं मत नसेल तर तक्रार फेटाळतात का?

शल्यक

बहुतेक जण नाहीच म्हणतील. रागावू नका त्यांच्यावर, उद्या त्यांनाही त्याच जिल्ह्यातून पेशंट यायचे असतात. पण त्यांना मत द्यायची गरजच नाही. त्यांची ऑपरेशन नोट मागा. पोट उघडल्यावर काय दिसलं ते त्यात लिहावंच लागतं: क्लिप कुठे लावलेली, नलिकेचा किती भाग गेलेला, किती पित्त साठलेलं. ते मत नाही, नोंद आहे.

काळा_कोट

बरोबर. प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत हवंच असं नाही, हे २०१० च्या किशन राव निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय. गुंतागुंतीच्या प्रकरणात आयोग स्वतः सरकारी मेडिकल कॉलेजकडे कागद पाठवू शकतो. आपण अर्जात तशी विनंतीही करू. तरी एखादे निवृत्त प्राध्यापक मत द्यायला तयार होतात का ते मी पाहतो.

खवट_खान्देशी

मी एफआयआरचं म्हणालो होतो ते जाऊ द्या. निरंजनाताई, खर्चाला काही कमी पडलं तर इथे सांगा, आपण काढू वर्गणी.

संपादक मंडळ

धाग्यावर आर्थिक आवाहन करता येत नाही. व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) बोलावे.

निरंजना

खवट_खान्देशी, धन्यवाद, सध्या निभतंय. ताई स्वतः उद्या विधी सेवा प्राधिकरणात जाऊन येतेय, बरोबर दाजी. काळा_कोट, तुम्हाला व्यनित कागदांचे फोटो पाठवलेत, नावं झाकून.

काळा_कोट

मिळाले. ताईंना मोफत वकील मिळाला तरी हरकत नाही, मी मसुदा बघून देईन. पुण्याच्या ऑपरेशन नोटचं दुसरं पान फोटोत खालून कापलं गेलंय, तेवढं परत पाठवा. आणि नर्सिंगच्या पानाची हॉस्पिटलच्या शिक्क्यासह साक्षांकित प्रत घेतलीत का? नसेल तर याच आठवड्यात घ्या.